मुलाची संचिका कोणाच्या हाती?

गोरेगाव म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पश्चिम रेल्वेचे स्थानक उभे राहते. परंतु महाराष्ट्रात या नावाची आणखीही गावे आहेत आणि त्यांपैकी एक मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. सोयाबीन, कापूस, हळद ही तिथली पिके. शेती बव्हंशी पावसाच्या भरवशावर. ख्रिस्तसभेच्या नकाशात हा मुलूख १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो.

एका नावाच्या या दोन गावांचा उल्लेख एका दमात करण्याचे कारण असे की, आज दोन्हीकडच्या शाळकरी मुलाच्या नावाने संगणकात काही ना काही साठत चालले आहे. मुंबईच्या गोरेगावातील मूल एखाद्या महागड्या शाळेत जात असेल, तर या साठ्याला 'डिजिटल पोर्टफोलिओ' असे भारदस्त नाव असते. त्यात चित्रे, निबंध, प्रकल्पांची छायाचित्रे, वक्तृत्वाची चित्रफीत, प्रशस्तिपत्रके अशी सारी मांडामांड असते. हिंगोलीच्या गोरेगावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या साठ्याला असे एक नाव नाही. तो 'सरल', 'यू-डायस', 'अपार' अशा वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरलेला असतो आणि त्यातले एकही पान मुलाने स्वतः लिहिलेले नसते. पहिल्या मुलाला आपली संचिका पाहुण्यांना दाखविता येते. दुसऱ्याला आपली अशी काही संचिका आहे याचा पत्ताही नसतो. दोन्ही मुलांविषयी एकच प्रश्न विचारावासा वाटतो: ही वही नेमकी कोणासाठी लिहिली जात आहे?

हा प्रश्न तांत्रिक वाटेल आणि तो शिक्षणतज्ज्ञांनी सोडवावा असेही कोणी म्हणेल. मला तो प्रथम नीतीचा प्रश्न वाटतो. मुलाच्या वाढीची आठवण कोणी ठेवायची, किती ठेवायची आणि ती कोणाला दाखवायची, हे ठरविणाऱ्याच्या हाती त्या मुलावरची मोठी सत्ता येते. ती सत्ता आपण पालक अनेकदा एका सहीनिशी देऊन मोकळे होतो.

पोर्टफोलिओ हा शब्द मूळचा इटालियन. पाने वाहून नेण्याचे साधन, एवढाच त्याचा अर्थ. चित्रकार आणि वास्तुशिल्पी आपली निवडक रेखाटने एका सपाट पिशवीत घालून आश्रयदात्याकडे नेत असत. म्हणजे या वस्तूचा जन्मच मुळी दाखविण्यासाठी झाला. शाळेत ती फार उशिरा आली. मुलाला तीन तासांच्या परीक्षेत जोखण्यापेक्षा त्याचे वर्षभराचे लेखन एकत्र ठेवून पाहावे, पहिला खर्डा आणि शेवटचा खर्डा शेजारी ठेवावा, असे भाषाशिक्षकांना वाटू लागले. विचार उत्तम होता. पण चांगली गोष्ट दिसली की तिची मोजपट्टी करण्याचा मोह शासनांना आवरत नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी चौथी आणि आठवीच्या मुलांच्या लेखनाच्या व गणिताच्या संचिका गोळा करून त्यांना राज्यभर गुण देण्याचा प्रयोग केला. रँड या संस्थेच्या संशोधकांनी तो तपासला, तेव्हा एकाच संचिकेला दोन परीक्षक देत असलेल्या गुणांत पुरेसा मेळ नसल्याचे आढळून आले. शिक्षकांचे शिकविणे मात्र त्या संचिकांमुळे सुधारले होते. जी वस्तू मुलाच्या शेजारी बसून वाचायला उपयोगी पडली, तीच तराजूत घातल्यावर निरुपयोगी ठरली.

हे सारे कागदाच्या काळातले. कागदाची संचिका फाटते, तिला वाळवी लागते, दिवाळीच्या साफसफाईत आई ती रद्दीत घालते. या नाशात एक प्रकारची दया होती, हे आपल्या तेव्हा ध्यानात आले नाही. संगणकातल्या संचिकेला वजन नाही, तिच्या कितीही प्रती निघतात, आणि ज्याने ती कधीच पाहू नये अशा माणसापर्यंतही ती क्षणार्धात पोहोचते.

मुंबईच्या संचिकेकडे आधी पाहू. तिला हिणविणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. आपले काम दुसऱ्याला दाखवावे ही मुलाची इच्छा निरोगी असते. मातीचा बैल केलेले पोर तो आधी आईला दाखविते आणि मगच पुन्हा खेळायला जाते. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दिवा मापाखाली न ठेवता दिवठणीवर ठेवावा असे सांगितले, तेव्हा त्याने या इच्छेला आशीर्वादच दिला. पण त्याच प्रवचनात थोडे पुढे तो दानधर्माविषयी आणि प्रार्थनेविषयी बोलतो. तिथे उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू न देण्याची आणि खोलीचे दार लावून घेण्याची आज्ञा आहे. दोन्ही वचने एकाच मुखातून, एकाच बैठकीत आलेली आहेत. तेव्हा दाखवावे की झाकावे, असा प्रश्नच नाही. कोणती गोष्ट दिवठणीवरची आणि कोणती बंद खोलीतली, हे ओळखण्याचा विवेक तेवढा हवा.

प्रदर्शनाच्या संचिकेचा दोष हा की तिला बंद खोली ठाऊक नसते. पुढे परदेशी विद्यापीठात प्रवेश घ्यायचा म्हणून आठवीपासून तिची बांधणी सुरू होते. अनाथाश्रमाला दिलेली भेट तिच्यात छायाचित्रासह येते. झोपडपट्टीतील मुलांना शिकविलेले दहा रविवार तिच्यात तासांच्या हिशेबाने नोंदले जातात. ते मूल खोटे वागले असे मी म्हणत नाही. कदाचित त्या रविवारांनी त्याचे मन खरोखर हेलावले असेल. परंतु सेवा करतानाच तिची नोंद कशी दिसेल हा विचार मनात येऊ लागला की सेवेतला दुसरा माणूस हळूहळू आपल्या छायाचित्राची पार्श्वभूमी बनतो. आपल्याकडे उपवासकाळात धर्मशिक्षणाचे वर्ग मुलांना रुग्णभेटीला नेतात. त्या भेटींची छायाचित्रे संध्याकाळपर्यंत सर्वांच्या भ्रमणध्वनीवर येतात. अंथरुणावरच्या त्या आजोबांना कोणी विचारले होते काय?

आता सेनगाव तालुक्याकडे वळू. इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण आपल्या मराठी नियतकालिकांतून शहरी शाळांची चर्चा पुष्कळ होते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेला केवळ दया वाट्याला येते.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या पाठोपाठ २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा साधनांनी मुलाला वर्षभर पाहावे आणि केवळ गुण न देता त्याच्याविषयी वर्णनात्मक नोंदी कराव्यात, अशी त्यामागची दृष्टी होती. स्वयंमूल्यमापनही तीत होते. कागदावर ही योजना एखाद्या प्रेमळ गुरुजींच्या रोजनिशीसारखी वाटते. पण एका वर्गात चाळीस मुले, आठ विषय आणि दोन सत्रे धरली तर एका शिक्षकाला वर्षाला ६४० नोंदी कराव्या लागतात. त्याच शिक्षकाकडे पोषण आहाराचा हिशेब असतो, निवडणुकीचे काम असते, कधी दोन इयत्तांचा वर्गही असतो. परिणाम व्हायचा तोच झाला. तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या निघाल्या. 'हस्ताक्षर सुवाच्य आहे', 'प्रश्नांची योग्य उत्तरे देतो', 'गटात सहकार्याने काम करतो' अशा वाक्यांतून निवड करायची आणि उतरवून काढायची. लाखो मुले एकाच वाक्यात वर्णिली गेली. संगणक आल्यावर उतरविण्याचे कष्टही वाचले.

पुढे २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली आणि राज्यातील विद्यार्थ्यांची माहिती एका जागी भरली जाऊ लागली. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली. शिक्षक, सहाध्यायी आणि मूल स्वतः, अशा तिन्ही बाजूंनी तीत मुलाचे चित्र रेखाटले जावे, असे त्यात म्हटले आहे. २०२३ पासून 'अपार' हा बारा अंकी विद्यार्थी-क्रमांक देण्यास आरंभ झाला. मुलाची प्रमाणपत्रे आणि शैक्षणिक नोंदी डिजिलॉकरमध्ये या क्रमांकाशी जोडलेल्या असाव्यात, असा त्याचा उद्देश.

अशा हिशेबी संचिकेला नुसतेच नावे ठेवणे हा पोटभरल्या माणसाचा उद्योग होईल. मराठवाड्यातल्या कितीतरी तांड्यांवरून आणि वाड्यांवरून दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला निघतात. मुलेही बरोबर जातात. कारखान्याच्या आसपासची शाळा त्यांना ओळखत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परततात तेव्हा गावची शाळाही थोडी अनोळखी झालेली असते. अशा मुलांसाठी शाळा शिक्षण हमी पत्रक देतात. ते घेऊन गेलेल्या मुलाला नव्या गावच्या शाळेने बसवून घ्यावे, ही अपेक्षा. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे शिक्षणहक्क कायद्याचे पाचवे कलम सांगते. पण कलम आणि मुख्याध्यापकांचे टेबल यांत अंतर असते. या मुलाचे शिकणे कुठवर आले आहे हे सांगणारी, भिजत नाही आणि हरवत नाही अशी नोंद त्याच्याबरोबर प्रवास करू शकली, तर ती त्याच्या हातातली शिदोरी ठरेल. शहरातल्या सुखवस्तू पालकाला आपल्या मुलाच्या माहितीची गुप्तता जपावीशी वाटते, आणि ते योग्यच आहे. कोपीवरच्या आईला मात्र आपल्या मुलीचे नाव निदान कुठेतरी लिहिलेले असावे असे वाटते. नोंद नसणे हाही अन्यायच असतो.

मग नोंद हवी आणि नकोही, असे कसे?

या ठिकाणी आपल्या ख्रिस्तसभेच्या जुन्या शहाणपणाकडे वळावेसे वाटते. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदवह्या ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले. आपल्या धर्मग्रामातील जुनी वही उघडून पाहावी. बालकाचे नाव, आईवडिलांची नावे, ज्यांनी त्याला हातावर धरले त्या धर्ममातापित्यांची नावे, दिवस, धर्मगुरूची सही. पुढे त्या व्यक्तीचा विवाह झाला वा तिला गुरुदीक्षा मिळाली तर समासात तशी टीप. बस्स. ते मूल मोठेपणी कसे निघाले, त्याची श्रद्धा किती पक्की होती, ते कितीदा घसरले, याचा एक शब्दही तिथे नसतो. ती वही वस्तुस्थिती लिहिते, आणि ती पिढ्यान् पिढ्या टिकावी म्हणून जपली जाते.

याच ख्रिस्तसभेत पापनिवेदनाची नोंदवही कधीच नसते. ज्या जागी माणूस आपल्या आत्म्याची सर्वांत खरी हकिगत सांगतो, त्या जागी लेखणी चालत नाही. धर्मगुरू ते गुपित फोडू शकत नाही; फोडले तर त्याला ख्रिस्तसभेची सर्वांत कडक शिक्षा आहे. एकाच मंदिरात, काही पावलांच्या अंतरावर, दोन प्रकारच्या आठवणी नांदतात: एक सदैव लिहून ठेवण्याची आणि एक कधीही न लिहिण्याची. मुलाच्या संचिकेविषयी माझे म्हणणे या दोन जागांतील फरकावर उभे आहे. मूल कोणत्या इयत्तेत होते, कोणती परीक्षा उत्तीर्ण झाले, ही स्नानसंस्काराच्या वहीतली बाब. ते कशाला भिते, कोणते गणित त्याला पाचव्यांदाही सुटले नाही, वर्गात ते का रडले, ही दुसऱ्या जागेची बाब. आजच्या डिजिटल संचिकेत ही दोन्ही एकाच क्रमांकाखाली, एकाच पडद्यावर येऊ पाहत आहेत.

तर मग स्वतःच्या चुकांची नोंद ठेवूच नये काय? ठेवावी, आणि ती कशी ठेवावी याचा एक नमुना संत इग्नेशियस लोयोला यांनी दिला आहे. पाम्पलोनाच्या लढाईत १५२१ मध्ये जखमी झालेला हा सैनिक पुढील वर्षी मानरेसा येथे राहिला आणि तिथे त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाचा पाया घातला गेला. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये त्या पुस्तकाला मान्यता दिली. त्यात एक अगदी साधी आकृती आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा, एक दुपारच्या आत्मपरीक्षणाची आणि एक रात्रीची. जो दोष काढून टाकायचा आहे तो जितक्या वेळा घडला, तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, कालचा दिवस आजच्या दिवसाशी, हा आठवडा मागल्या आठवड्याशी ताडून पाहायचा. दिवस पुढे जातील तशा आकृतीतल्या रेघा आखूड होत जातात. आजच्या भाषेत याला प्रगतीचा आलेख म्हणतील. पण तो आलेख ज्याचा त्याने काढायचा असतो. त्यावर गुण नाहीत आणि त्याचे प्रदर्शन नाही. आध्यात्मिक मार्गदर्शकाशी बोलायचे ते साधकाच्या मर्जीने. आपल्याच ठिपक्यांकडे पाहून माणसाला खोटे बोलण्याचे काही कारण उरत नाही.

शिकण्यासाठी ठेवलेली संचिका ती हीच. पोर्टफोलिओच्या अभ्यासक हेलन बॅरेट यांनी डिजिटल संचिकेची दोन रूपे वेगळी करून दाखविली आहेत: एक कामाची जागा आणि एक मांडणीची जागा. सुताराच्या घरी हे कोणाला शिकवावे लागत नाही. अंगणात भुसा आणि वाकडे खिळे, ओसरीवर तयार खुर्ची. गिऱ्हाईक अंगणात येऊन भुशाला गुण देऊ लागले तर सुतार भुसाही सजवून ठेवील. आणि तसेच घडत आहे. काही आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांत कामाची प्रक्रिया, फसलेले प्रयोगही संचिकेत दाखवावेत अशी अपेक्षा असते आणि त्यांना गुण असतात. हेतू चांगला आहे. पण गुण ठेवताच चतुर मूल नीटनेटके अपयश तयार करायला शिकते. समग्र प्रगतिपत्रकातील स्वयंमूल्यमापनाची गतही, आपण सावध राहिलो नाही, तर हीच होईल. ज्या पानावर गुरुजींचा शेरा पडणार, त्या पानावर दुसरीतले पोरही हसऱ्या चेहऱ्याचेच चित्र रंगविते.

याच हिंगोली जिल्ह्यात नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. वारकरी परंपरेतील ती गोष्ट आपल्यालाही ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाका कुंभार थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहतात आणि नामदेवांचे मडके कच्चे निघते. नामदेव दुखावतात. पुढे ते औंढा नागनाथला, म्हणजे याच जिल्ह्यात, विसोबा खेचरांकडे जातात आणि तिथे त्यांना गुरू भेटतो. ही मूल्यमापनाचीच कथा आहे, आणि कठोर मूल्यमापनाची. पण पारखणारा स्वतः मडकी घडविणारा होता. तो समोर उभा होता. त्याने दिलेल्या शेऱ्यातून एक वाट फुटत होती. 'कच्चे' हा शब्द परंपरेने आजवर जपला, पण तो पुढच्या साऱ्या कथेसह जपला. संगणकाच्या रकान्यात असता तर पुढची कथा गळून नुसता शब्द उरला असता, आणि औंढ्याला पोहोचण्याआधीच विसोबांच्या पडद्यावर तो दिसला असता.

क्षमेचा प्रश्न इथे येतो. आपली श्रद्धा सांगते की परमेश्वर क्षमा करतो तेव्हा तो हिशेब पुढे ओढत नाही. माणसाला हे जमत नाही, पण माणसाच्या विसराळूपणाने आजवर थोडे काम भागविले होते. तिसरीत चोरलेली पेन्सिल गुरुजी विसरत, गाव विसरे, आणि ते मूल त्या विस्मृतीच्या आडोशाने प्रामाणिक होऊ शके. न विसरणाऱ्या यंत्रात मुलाचे आचरण साठवायचे तर विसरण्याचे काम आता ठरवून करावे लागेल. आपल्या संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे आणि माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्कही आहे. त्याला अपवाद आहेत आणि शिक्षणसंस्थांना काही सवलती आहेत. तरीही पुसणे हा हक्क असू शकतो, हे कायद्याने मान्य केले ही लहान गोष्ट नाही.

या युक्तिवादाला एक कठीण बाजू आहे आणि ती आपल्याच घरातली असल्यामुळे टाळता येत नाही. १९८३ च्या कॅनन कायद्याचे ४८९ वे कलम धर्मप्रांताच्या गुप्त दप्तराविषयी आहे. नैतिक आचरणासंबंधीच्या फौजदारी प्रकरणांत आरोपी मरण पावला असेल, किंवा शिक्षेला दहा वर्षे उलटली असतील, तर ते कागद दरवर्षी नष्ट करावेत व केवळ थोडक्यात सारांश आणि अंतिम निर्णय ठेवावा, असे ते कलम म्हणते. वाचताना ते करुणेचे वाटते. परंतु जर्मनीच्या बिशप परिषदेने करवून घेतलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बालकांवरील अत्याचारांच्या संदर्भात काही ठिकाणी दप्तरातील कागद नष्ट केले गेल्याचे वा त्यांत फेरफार झाल्याचे नमूद आहे. अशा प्रकरणांवरील परमधर्मपीठीय गुप्ततेचे आवरण पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतले. तेव्हा विसरणे ही प्रत्येक वेळी दया नसते. बलवंताच्या अपराधाचा विसर पडला तर दुर्बळावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. मुलाच्या कच्चेपणाचा विसर पडला तर त्याला वाढायला जागा मिळते. आज आपण उलट करीत आहोत असे मला भय वाटते. मुलाचा प्रत्येक अडखळलेला शब्द साठवायचा आणि शाळेत वर्षभर शिक्षकच नव्हता याची नोंद मात्र कुठेही दिसू द्यायची नाही.

इटलीतील फादर लोरेन्झो मिलानी यांचे स्मरण या संदर्भात होते. टस्कनीच्या डोंगरातील बार्बियाना नावाच्या लहानशा धर्मग्रामात त्यांनी शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या, सरकारी शाळेने नापास केलेल्या मुलांची शाळा चालविली. १९६७ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, तिथल्या मुलांनी मिळून लिहिलेले एका शिक्षिकेला उद्देशून पत्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. लिहिण्याची त्यांची रीत अशी: प्रत्येकाने सुचेल ते सुट्या चिठ्ठ्यांवर लिहायचे, मग साऱ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून सारख्या एकत्र करायच्या, द्विरुक्ती काढायची, क्रम लावायचा, आणि एकेक वाक्य मिळून घासायचे. ही संचिकाच होती, पण तीत कोणाचे नाव नव्हते आणि कोणाला गुण नव्हते. त्याच मुलांनी शाळांच्या नोंदी आणि आकडेवारी धुंडाळून कोणाच्या घरची मुले नापास होतात याचा हिशेब मांडला. नोंदवही त्यांनी शाळेकडे वळविली आणि परीक्षा शाळेची झाली. पोप फ्रान्सिस २० जून २०१७ रोजी मिलानींच्या कबरीवर प्रार्थना करण्यासाठी बार्बियानाला गेले होते.

मुलांच्या शिक्षणाचे पहिले आणि मुख्य कर्तव्य आईवडिलांचे आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितले आहे. या कर्तव्यात आता संमतिपत्र वाचूनच सही करणे मोडते. 'अपार'ची नोंदणी ऐच्छिक आहे आणि संमती मागे घेता येते, असे शासन स्वतःच सांगते. ज्या मुलाला शाळा बदलावी लागते त्याच्यासाठी ती घेणे शहाणपणाचेच ठरेल. परंतु तीत उत्तीर्णतेखेरीज आणखी काय काय जाणार आहे, हे विचारण्याचा पालकाला अधिकार आहे. महागड्या शाळेतील पालकांनी मुलाच्या संचिकेतले कोणते पान उघडे ठेवायचे हे मुलालाच ठरवू द्यावे. त्याने दानधर्माचे पान काढून टाकले तर खंत करू नये. आणि पोर्टफोलिओच्या गौरवशाली कपाटाखेरीज त्याला एक वही अशीही द्यावी, की जी आई उघडणार नाही.

हिंगोलीच्या गोरेगावातील मुलासाठी पैशाविना होण्यासारखे एक काम आहे. जूनमध्ये धड्यातला एक उतारा त्याच्याकडून वाचून घेऊन भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावा. मार्चमध्ये तोच उतारा पुन्हा वाचून घ्यावा. दोन्ही त्याला एकामागून एक ऐकवावेत, मग पुसून टाकावेत किंवा त्याच्या घरच्या भ्रमणध्वनीवर पाठवावेत. आपणच आपल्याला अडखळताना आणि मग न अडखळता वाचताना ऐकल्यावर त्या पोराचा चेहरा कसा होईल, याची कोणत्याही प्रणालीत नोंद करण्याची आवश्यकता नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातही प्रार्थना पाठ करणाऱ्या लहानग्यांसाठी हे करण्यासारखे आहे.

त्या गावच्या शिक्षकाच्या ६४० नोंदी मात्र यामुळे कमी होत नाहीत, आणि त्या संपवून त्याने हे ध्वनिमुद्रण केव्हा करायचे हा प्रश्न उरतोच. शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. कोणत्या नोंदी मुलाच्या उपयोगाच्या आहेत आणि कोणत्या केवळ वरच्या कार्यालयाच्या, हे त्या समितीच्या बैठकीत गुरुजींना विचारता येते. त्यांचे उत्तर इतिवृत्तात लिहून वर पाठविण्याचा ठरावही करता येतो.